पुस्तके अपुरी असताना मालिका कशी लिहावी?

प्रश्न दोन भागांत आहे. लेखकाने कादंबरीमाला पूर्ण केलेली नसताना तिच्यावरून मालिका करायला घ्यावी का, हा पहिला भाग. आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या कादंबऱ्यांवर बेतलेल्या मालिकेचा शेवट अनेक प्रेक्षकांना पटला नाही, त्याचे कारण पुढची पुस्तके आलीच नाहीत एवढेच होते का, हा दुसरा. प्रश्नकर्त्यांपाशी एका मराठी अद्भुतकथामालेचे दोन प्रकाशित खंड आहेत, तिसरा खंड लेखिकेच्या मनात आहे पण कागदावर नाही, आणि एका ओटीटी मंचाशी प्राथमिक बोलणी झाली आहेत. मी पटकथालेखनात बरीच वर्षे आहे, दैनंदिन मालिका लिहिल्या आहेत आणि कादंबऱ्यांवरून रूपांतरेही केली आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. त्यात ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे कथानक शेवटापर्यंत उघड होईल, याची ज्यांनी ती मालिका पाहिलेली नाही त्यांनी नोंद घ्यावी.

माझे मत आधीच सांगतो. अपुरी माला घ्यायला हरकत नाही. मात्र ‘लेखकाकडून शेवट विचारून घेऊ, मग अडचण उरणार नाही’ हे जे वाक्य निर्मात्यांच्या बैठकीत हमखास ऐकू येते, त्यावर विसंबू नये. शेवट एका वाक्यात सांगता येतो. पण ज्या असंख्य लहान कारणांमुळे तो अटळ ठरतो, ती कारणे लेखकालाही लिहिता लिहिताच सापडत असतात आणि न लिहिलेल्या खंडाची कारणे बहुधा त्याच्याकडेही तयार नसतात. ती मग रूपांतरकाराला निर्माण करावी लागतात, आणि तीही पहिल्या सीझनपासून.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालेचा पहिला खंड १९९६ साली आला, दुसरा १९९८ साली आणि तिसरा २००० साली. चौथ्याला २००५ साल उजाडले, पाचव्याला २०११. मूळ बेत तीन खंडांचा होता; तो वाढत वाढत सातवर गेला आणि शेवटचे दोन खंड अद्याप प्रकाशित झालेले नाहीत. तिच्यावरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही एचबीओ या अमेरिकी वाहिनीची मालिका १७ एप्रिल २०११ रोजी सुरू झाली तेव्हा पाचवा खंडदेखील वाचकांच्या हाती नव्हता. तो जुलैमध्ये, पहिला सीझन संपल्यावर आला. आठ सीझन आणि ७३ भाग करून मालिका १९ मे २०१९ रोजी संपली, आणि त्यातला २०१६ सालच्या सहाव्या सीझनपासूनचा बहुतेक भाग छापील मजकुराच्या पुढचा होता.

पुस्तकांचा वेग का मंदावला, हे रूपांतरकाराने नीट समजून घेतले पाहिजे. तिसऱ्या खंडानंतर कथा पाच वर्षे पुढे न्यायची, असे मार्टिन यांनी ठरवले होते. आपल्या मालिकांच्या भाषेत त्यांना लीप घ्यायचा होता, आणि कारणही आपल्याकडच्यासारखेच होते: मुले लहान होती, ड्रॅगन लहान होते, त्यांना वाढायला वेळ हवा होता. आर्या आणि ब्रॅन या, उत्तरेतल्या विंटरफेल किल्ल्याच्या सरदाराच्या मुलांना हा लीप मानवत होता. पण राजधानीतली राणी सर्सी किंवा राज्याच्या उत्तर सीमेवरच्या भिंतीवर पहारा देणारा जॉन पाच वर्षे विशेष काहीच न करता बसून राहिले, हे कोणालाही पटले नसते. शेवटी त्यांनी तो बेत सोडला आणि मधला काळ लिहायला घेतला. त्यातून नवी पात्रे आली, नवे प्रदेश आले, आणि मजकूर इतका वाढला की एकाच काळातल्या घटना पात्रांनुसार वाटून चौथा आणि पाचवा असे दोन खंड करावे लागले. म्हणजे पहिल्या तीन खंडांतले कथानक एका दिशेने धावते आणि पुढचे दोन खंड चहूबाजूंनी पसरतात. मालिका ज्या वेळी मार्टिन यांच्या मजकुराच्या टोकाशी पोहोचली, त्या वेळी कथा तिच्या सर्वाधिक विस्तारलेल्या अवस्थेत थांबलेली होती. ती आवरायला कशी घ्यायची, हे मूळ लेखकानेही अजून कागदावर करून दाखवलेले नव्हते.

म्हणून कोणतीही अपुरी माला हाती आली की ती किती अपुरी आहे यापेक्षा ती कोणत्या टप्प्यावर थांबली आहे, हे आधी पाहावे. कथा आवरू लागल्यावर थांबली असेल तर उरलेले काम कारागिरीचे असते. पसरत असताना थांबली असेल, तर तुम्ही रूपांतर करत नसून अर्धी कादंबरी लिहीत आहात, आणि त्याचा वेळ व मोबदला पहिल्या दिवशीच मागायला हवा.

आता दुसऱ्या भागाकडे वळतो. पुस्तके संपली म्हणून लेखन कोसळले, हे निदान मला अपुरे वाटते, कारण या मालिकेचे प्रमुख लेखक-निर्माते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी पुस्तकात नसलेले प्रसंग अगदी सुरुवातीपासून लिहिले आणि त्यांतले काही फार उत्तम उतरले. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या नजरेतून येते, त्यामुळे त्या पात्राच्या पाठीमागे घडणारे वाचकाला दिसत नाही. पहिल्या खंडात राजा रॉबर्ट किंवा राणी सर्सी यांच्या नजरेतले एकही प्रकरण नाही. म्हणून त्या दोघांचे एकांतातले बोलणे तिथे येऊच शकत नाही. मालिकेच्या पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात ते आहे. एका दालनात दोघे मद्याचे पेले घेऊन बसतात, या साऱ्या राज्याला जोडून ठेवणारी गोष्ट कोणती तर आपले लग्न, असे म्हणून खिन्नपणे हसतात, आणि मग ती विचारते की आपल्यात कधी काही होऊ शकले असते का. तो नाही म्हणतो. या प्रसंगात ना युद्ध आहे ना ड्रॅगन. तरीही पुढे या राज्याचे जे होते, त्याचे मूळ त्या एका नकारात प्रेक्षकाला दिसते. दुसऱ्या सीझनमध्ये हॅरनहॉलच्या किल्ल्यात आर्या वेश बदलून सर्सीचा बाप टायविन लॅनिस्टर याची चाकरी करते. पुस्तकात ती त्याच किल्ल्यात असते, पण पेले भरते ती पुढे रूस बोल्टन या दुसऱ्या सरदाराचे. दोन वेगळ्या धाग्यांना एका टेबलाशी आणण्याचा हा निर्णय पूर्णपणे पटकथाकारांचा होता, आणि तो सीझनमधल्या सर्वोत्तम निर्णयांपैकी एक ठरला.

हे प्रसंग जमले, कारण पात्रे कुठून आली आणि कुठे निघाली आहेत ते दोन्ही टोकांना छापलेले होते. मधल्या जागेत लिहिणाऱ्याला मोकळीक होती आणि आधारही होता.

२०१३ साली बेनिऑफ आणि वाइस मार्टिन यांना भेटायला न्यू मेक्सिकोतल्या सँटा फे इथे गेले आणि प्रत्येक प्रमुख पात्राचे पुढे काय होणार हे त्यांनी विचारून घेतले. त्यांतल्या तीन गोष्टींनी आपण हादरलो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे: शिरीन या लहान मुलीला जिवंत जाळले जाणे, ब्रॅनला पाठीवर वाहून नेणाऱ्या होडोर या सेवकाच्या नावाचा उगम, आणि अगदी शेवटाकडची एक घटना. यांतल्या पहिल्या दोन शेजारी ठेवून पाहिल्या तर रूपांतराचा एक मोठा धडा मिळतो. होडोरची हकीगत अशी आहे की तिचे कारण तिच्याच पोटात आहे: भूतकाळात पाहणाऱ्या ब्रॅनमुळे एका मुलाच्या मनावर दार अडवून धरण्याची ‘होल्ड द डोअर’ ही आज्ञा कायमची कोरली जाते, आणि तीच आज्ञा पुढे त्याचा जीव घेते. एवढे सांगितले की पटकथाकाराला सगळे मिळाले. २०१६ सालचा तो भाग म्हणूनच इतका परिणामकारक झाला. शिरीनच्या बाबतीत मात्र फक्त घटना मिळाली. पाचव्या खंडाच्या शेवटी ती आणि तिची आई भिंतीपाशी आहेत, तर तिचा बाप, सिंहासनाचा एक दावेदार स्टॅनिस, दूर विंटरफेलच्या वाटेवर बर्फात अडकला आहे. म्हणजे पुस्तकात हे घडेल तेव्हा वेगळ्या परिस्थितीत आणि वेगळ्या कारणाने घडेल. मालिकेत ती बापाबरोबर छावणीत आहे आणि बर्फ व उपासमार यांपुढे हतबल झालेला स्टॅनिस तिला अग्नीच्या स्वाधीन करतो. त्याच सीझनमध्ये काही भाग आधी तो तिला, तू आजारी असताना तुला वाचवण्यासाठी मी काय काय केले, हे सांगतो, आणि तो प्रसंग अत्यंत हृदयस्पर्शी आहे. त्या बापापासून या बापापर्यंतचा प्रवास दाखवायला जागाच ठेवलेली नव्हती. घटना लेखकाची, कारण घाईने शोधलेले. त्यामुळे माणूस बदलला.

ब्रॅनचे उदाहरण याहून बोलके आहे. अखेरच्या भागात तो राजा होतो, आणि ही कल्पना मार्टिन यांच्याकडून आली असल्याचे आपल्याला सांगण्यात आले होते, असे ती भूमिका करणाऱ्या आयझॅक हेम्पस्टेड राइट यांनी जाहीरपणे म्हटले आहे. आता वर्षे पाहा. शेवट कळला २०१३ साली. ब्रॅनची छापील कथा मालिकेने २०१४ सालच्या चौथ्या सीझनच्या अखेरीस जवळजवळ संपवली. आणि २०१५ सालच्या पाचव्या सीझनच्या दहाही भागांत ब्रॅन एकदाही दिसत नाही. जो पुढे साऱ्या राज्याचा राजा व्हायचा आहे, त्याच्याविना एक अख्खा सीझन गेला! सामग्री नव्हती, हे कारण मी समजू शकतो. पण शेवट माहीत असलेल्या लेखकाने नेमके याच ठिकाणी स्वतःची सामग्री तयार करायला हवी होती. बीज मालिकेतच होते: दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात भावाच्या गैरहजेरीत विंटरफेलच्या आसनावर बसून लहानगा ब्रॅन सरदारांच्या तक्रारी ऐकतो, कंटाळतो, आणि नकोसे वाटले तरी ऐकून घेणे हे त्याचे कामच आहे असे गुरुजी समजावतात. राज्य करणे म्हणजे काय हे शिकणारा मुलगा तिथे दिसला होता. तो धागा दर सीझनला एकदा जरी ओढला असता, तर शेवटी सर्सीचा भाऊ टिरियन याला भाषण करून प्रेक्षकांना पटवून द्यावे लागले नसते.

आवरताना काय गाळायचे, हा याचाच दुसरा भाग आहे, आणि इथे अपुऱ्या मालेचा सर्वांत मोठा सापळा असतो. पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात राजवाड्याच्या तळघरात आर्या दोन माणसांचे कुजबुजणे ऐकते. त्यांतला एक व्हॅरिस, हेरांचा प्रमुख. हा प्रसंग पहिल्या खंडात आहे आणि त्याचा उलगडा होतो तो पाचव्या खंडात: व्हॅरिसने एका तरुण दावेदाराला, स्वतःला मृत राजपुत्राचा मुलगा एगॉन म्हणवणाऱ्या मुलाला, गुपचूप वाढवलेले असते, आणि त्याची सारी कारस्थाने त्याच्यासाठी असतात. हा भाग प्रसारित झाला मे २०११ मध्ये. पाचवा खंड प्रकाशित झाला जुलैमध्ये. पुढे मालिकेने एगॉनला पूर्ण गाळले. पात्रांची संख्या पाहता तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण ज्याच्यासाठी व्हॅरिस जगत होता तोच गेल्यावर व्हॅरिसला नवे प्रयोजन द्यायला हवे होते, आणि ते तितकेच ठोस हवे होते. त्याऐवजी ‘प्रजेचे हित’ हे सर्वसाधारण कारण त्याच्या वाट्याला आले. तो ड्रॅगन बाळगणाऱ्या, सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या डेनेरिसच्या बाजूला गेला, मग तिच्याविरुद्ध गेला आणि आठव्या सीझनमध्ये तिच्याच ड्रॅगनच्या आगीत मेला. पात्र गाळताना त्या पात्रावर कोणाकोणाची कारणे टेकलेली आहेत याची यादी करावी लागते. पूर्ण मालेत ती यादी करता येते. अपुऱ्या मालेत तिची अर्धी पाने कोरी असतात, म्हणून गाळणाऱ्याने लेखकाला एकेक पात्र घेऊन विचारले पाहिजे.

भाकितांबाबत मात्र या लेखकांनी एका ठिकाणी चांगला विचार केला. पाचव्या सीझनच्या सुरुवातीला लहान सर्सी एका चेटकिणीकडे जाते तो प्रसंग आहे, पण तिचा जीव धाकटा भाऊ घेईल असे सुचवणारे पुस्तकातले वाक्य त्यांनी वगळले. अद्भुतकथेत भाकीत म्हणजे प्रेक्षकाला दिलेला लेखी शब्द असतो. जो शब्द पाळता येईल याची खात्री नाही, तो देऊ नये.

अंतरांबाबतही एवढेच म्हणेन की पहिल्या भागात राजधानीपासून विंटरफेलपर्यंत यायला महिना लागल्याची तक्रार सर्सी करते आणि त्या महिन्यामुळे तो प्रदेश खरा वाटतो. सातव्या सीझनमध्ये भिंतीपलीकडून निघालेला निरोप समुद्रातल्या बेटावर पोहोचून तिथून ड्रॅगन मदतीला येतात, ते एकाच भागात. सुरुवातीचे सहा सीझन दहा-दहा भागांचे होते, सातवा सात भागांचा आणि आठवा सहा. वाहिनीची अधिक भाग करण्याची तयारी होती, तरी लेखकांनी हा आकार निवडला. डेनेरिस राजधानी जाळते या घटनेबद्दल जो रोष झाला, त्याचे मूळ मला या आकारात दिसते. क्रौर्याची बीजे पहिल्या सीझनपासून तिच्यात होती. उगवायला भाग शिल्लक नव्हते.

याच्या अगदी उलट वाट जपानमध्ये धरली गेली, आणि ती मला फार शिकवून गेली. हिरोमु अराकावा यांची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही चित्रकथामाला २००१ साली सुरू झाली आणि २०१० साली संपली. तिच्यावरची पहिली ॲनिमेशन मालिका २००३ साली, म्हणजे माला बहुतांशी लिहायची असतानाच आली, आणि आपण स्वतंत्र शेवट करणार हे ठरवूनच ती पुढे गेली. त्यासाठी तिने कथाविश्वाचा एक मूलभूत नियम बदलला. दोन भाऊ मेलेल्या आईला किमयेने परत आणू पाहतात आणि त्याची भयंकर किंमत मोजतात, ही दोन्हींची सुरुवात. मूळ चित्रकथेत होमुंक्युलस नावाचे कृत्रिम मानव एका खलनायकाने घडवलेले आहेत; २००३ च्या मालिकेत ते मृतांना परत आणण्याच्या अशा फसलेल्या प्रयत्नांतूनच जन्मतात, आणि त्यांतली एक त्या भावांच्या आईचे रूप घेऊन समोर उभी राहते. म्हणजे नायकांचे पहिले पापच त्यांच्यापुढे शत्रू म्हणून येते. हा शेवट अराकावांचा नाही, पण तो त्या मालिकेच्या पहिल्या भागातूनच उगवतो, आणि ५१ भागांत ती आपल्या बळावर पूर्ण होते. मूळ कथा संपत आली तेव्हा २००९-१० मध्ये ६४ भागांची दुसरी, मुळाबरहुकूम मालिका निघाली. आज रसिक दोन्ही पाहतात आणि दोन्हींबद्दल हिरिरीने वाद घालतात.

तेव्हा प्रश्नकर्त्यांना माझा सल्ला असा आहे. लेखिकेबरोबर बसाल तेव्हा ‘पुढे काय होते’ हे विचारून थांबू नका. प्रत्येक मुख्य पात्राबद्दल विचारा की त्याला दुसरे काही करणे का शक्य नाही, कोणत्या गोष्टीने त्याचा निर्णय फिरला असता, आणि त्याचे कोणते जुने कृत्य शेवटी त्याच्याकडे परत येते. जिथे त्यांना उत्तर सुचणार नाही तिथे त्यांना दडपू नका. ती जागा आता तुमची आहे असे समजा आणि तिचे उत्तर पहिल्या सीझनची वनलाइन, म्हणजे प्रसंगवार आराखडा, पक्की होण्याआधी लिहून काढा. दोन खंडांतल्या ज्या ट्रॅकचा, म्हणजे उपकथानकाचा, शेवट तुम्हा दोघांनाही दिसत नाही, तो सुरूच करू नका, मग तो पुस्तकात कितीही लोकप्रिय असो. आणि बालकलाकार असतील तर दोन सीझनमधले खरे अंतर कथेतच मोजून ठेवा. मार्टिन यांच्या पाच खंडांत जेमतेम दोन-तीन वर्षे जातात, मालिकेला आठ लागली. वाचकाच्या मनातला सात वर्षांचा ब्रॅन तेवढाच राहिला आणि पडद्यावरचा मुलगा तरुण झाला.

करार करताना वकील घ्याच, पण काही बाबी आपल्याला स्वतःला माहीत असाव्यात. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १८ नुसार भविष्यात लिहिल्या जाणाऱ्या कृतीचे हक्कही लिहून देता येतात, मात्र ती कृती प्रत्यक्षात आल्यावरच ते हस्तांतरण लागू होते. त्यामुळे न लिहिलेला तिसरा खंड ‘विकत घेतला’ असे कोणी म्हणाले तरी हातात अजून काही आलेले नसते. तोंडी सांगितलेली कल्पना या कायद्याने संरक्षित होत नाही, लिहिलेली मांडणी होते. म्हणून लेखिकेने तिसऱ्या खंडाची कथारूपरेषा स्वतः लिहून द्यावी, तिचा वेगळा मोबदला घ्यावा आणि ती कराराला जोडावी. कलम १९(४) प्रमाणे, करारात वेगळे काही म्हटलेले नसेल तर मिळालेले हक्क एका वर्षात न वापरल्यास ते संपुष्टात येतात, आणि अद्भुतकथेच्या पूर्वतयारीला एक वर्ष सहज पुरत नाही. मुदत स्पष्ट लिहून घ्या. कलम ५७ खाली, हक्क विकल्यानंतरही आपल्या कृतीचा विपर्यास होऊन प्रतिष्ठेला बाध येत असेल तर लेखिकेला दाद मागता येते. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी आपल्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाच्या प्रकरणात हीच तरतूद घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात लढा दिला होता. तुमचा शेवट तुमच्या लेखिकेच्या शेवटाहून वेगळा होणार असेल तर ते करारातच नमूद करा, आणि कराराच्या त्याच कलमात हेही लिहा की मालिकेत काहीही दाखवले गेले तरी तिसरा खंड हवा तसा लिहायला लेखिका पूर्ण मोकळ्या राहतील.